बाबांवर हल्ला झाला त्यानंतर: न्यू जर्सीतली हेट क्राइमची केस, पहिल्या फोनपासून शिक्षेपर्यंत

बाबांच्या केसचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये लागला. त्यानंतर ओळखीतल्या काहींनी बाजूला घेऊन सांगितलं, "आमच्याबाबतीतही असं झालं होतं, पण आम्ही गप्प बसलो." तक्रार केली असती तर पुढे काय काय झालं असतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी वकील नाही. न्यू जर्सीत राहते, एच-१बी व्हिसावर नोकरी करते. राज्याराज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत, त्यामुळे इथलं सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू होणार नाही. केंद्राच्या कायद्याचा भाग मात्र सगळ्या देशाला सारखा आहे.

आई-बाबा एप्रिल २०२४ मध्ये सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले होते. बाबा एकाहत्तर वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. संध्याकाळी जेवणाआधी तासभर फिरायचं हा त्यांचा नेम, आणि बाहेर पडताना डोक्यावर पांढरी टोपी हवीच. रविवार, ९ जूनला साडेसातच्या सुमाराला ते आमच्याच रस्त्यावरून परत येत होते. लख्ख उजेड होता. एक गाडी शेजारी येऊन थांबली आणि आतला तरुण शिव्या द्यायला लागला. आपल्या देशात परत जा, तुम्ही सगळे अतिरेकी, आणि मुसलमानांना उद्देशून एक घाणेरडा शब्द. बाबा काही न बोलता चालत राहिले. तो बेसबॉलची बॅट घेऊन उतरला. आधी टोपी उडवली, मग डोक्याच्या रोखाने बॅट फिरवली. बाबांनी हात वर घेतला म्हणून तो घाव मनगटावर बसला. समोरच्या घरातल्या बाई ओरडत धावत आल्या तसा तो पळाला. ९११ला फोन त्या बाईंनीच केला.

इमर्जन्सीत एक्स-रे, प्लॅस्टर, डोक्याचं स्कॅन हे सगळं होईपर्यंत मध्यरात्र उलटली. पोलीस अधिकारी तिथेच येऊन जबाब घेऊन गेला. वागायला सभ्य होता, पण घाईत होता. मी तेव्हा इन्शुरन्सचे कागद द्यायला काउंटरवर गेले होते, आणि बाबा वेदनेत, तुटक्या इंग्रजीत त्याला उत्तरं देत होते. निघताना त्याने केस नंबर लिहिलेलं एक छोटं कार्ड हातात ठेवलं. ते कार्ड जपून ठेवा. पुढे प्रत्येक फोनवर पहिला प्रश्न त्या नंबराचाच असतो.

दोन दिवसांनी रिपोर्टची प्रत मिळाली. सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कागदावर हवी असेल तर पानाला पाच सेंट पडतात, ईमेलवर फुकट येते. रिपोर्टमध्ये हल्ला होता, बॅट होती, दुखापत होती. तो काय ओरडत होता याबद्दल एक अक्षर नव्हतं. वाचून माझे हातपाय गार पडले. हल्ला का झाला हेच जर कागदावर नसेल, तर बाबांना रस्त्यात कुणीतरी मारलं एवढीच ती घटना उरते.

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. हल्लेखोराचे शब्द, जसेच्या तसे, शिव्यांसकट, पहिल्या जबाबात लिहून घ्यायला लावा. आपल्याला ते शब्द तोंडातून काढायची लाज वाटते. बाबांनाही वाटली होती. पण हेट क्राइममध्ये, म्हणजे द्वेषातून केलेल्या गुन्ह्यात, मारहाण सिद्ध होणं पुरत नाही, हेतू सिद्ध व्हावा लागतो, आणि हेतूचा पहिला पुरावा म्हणजे ते शब्द. राहून गेले असतील तर पुरवणी जबाब देता येतो. मी त्याच दुपारी बाबांना घेऊन ठाण्यात गेले आणि जबाब मराठीत घ्या अशी विनंती केली. त्यांनी फोनवरून हिंदी दुभाषा देऊ केला. बाबांना हिंदी येतं, पण घाबरलेला माणूस आपल्याच भाषेत नीट बोलतो. मराठी दुभाषा मिळायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस थांबलो ते फार बरं झालं. दुभाष्याचा खर्च आपल्यावर पडत नाही.

त्या रात्री घरी बसून मी आणखी दोन ठिकाणी कळवलं. एक म्हणजे राज्याची हेल्पलाइन, १-८००-२७७-२४२७. न्यू जर्सीत द्वेषातून घडलेल्या घटनेला 'बायस इन्सिडंट' म्हणतात, आणि राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या नियमांप्रमाणे स्थानिक पोलिसांनी अशी घटना काउंटी प्रॉसिक्यूटरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी वकिलांच्या, कानावर घालावी लागते. दुसरं, केंद्राच्या तपास संस्थेची, म्हणजे एफबीआयची वेबसाइट. फोन करायचा असेल तर १-८००-२२५-५३२४. एफबीआयला कळवायचं म्हटल्यावर घरात थोडा वाद झाला. मंडळातले एक काका मुद्दाम भेटायला आले आणि म्हणाले, "अगं, ग्रीन कार्डच्या रांगेत आहात तुम्ही. कशाला त्यांच्या नजरेत यायचं?" त्यांची काळजी खरी होती. पण गुन्ह्याची तक्रार केल्याने ग्रीन कार्डचा अर्ज अडत नाही. न्यू जर्सीत तर २०१८ पासून पोलिसांना निर्देश आहे की पीडित आणि साक्षीदारांच्या इमिग्रेशनच्या चौकशीत पडायचं नाही. माझ्या इमिग्रेशन वकिलाकडून हे खात्रीने विचारून घेतलं, मग फॉर्म भरला.

काका आणखी एक म्हणाले, आणि ते मला जास्त लागलं. "पोलिसांना स्पष्ट सांगा की आपण मुसलमान नाही. गैरसमज झाला म्हणावं." नातेवाइकांच्या ग्रुपवरही हाच सूर होता. मला हे पटलं नाही, आजही पटत नाही. आम्ही ते नाही, असं ओरडून सांगायचं म्हणजे जे आहेत त्यांना मारलं तर चालेल असं म्हणण्यासारखं आहे. बाबा आयुष्यभर मिरजेतल्या ज्या माणसांबरोबर कालव्यांच्या कामावर उन्हातान्हात उभे राहिले, त्यांत निम्मे मुसलमान होते. ते काकांना एवढंच म्हणाले, "मग त्यांच्यापैकी कुणाला मारलं असतं तर बरोबर झालं असतं का?"

कायदाही हेच म्हणतो. हल्लेखोराने जे समजून मारलं ते ग्राह्य धरलं जातं, ओळख चुकली तरी गुन्हा बदलत नाही. ११ सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी, १५ सप्टेंबर २००१ रोजी अ‍ॅरिझोनातल्या मेसा गावात बलबीरसिंग सोधी या शीख गृहस्थांना त्यांच्या पेट्रोल पंपासमोर गोळ्या घातल्या गेल्या, त्या अशाच चुकलेल्या ओळखीतून. 

काउंटीच्या डिटेक्टिव्ह बाईंचा फोन १३ जूनला आला. त्यांनी जे मागितलं ते सांगते, कारण यातलं बरंचसं पहिल्या काही दिवसांतच करावं लागतं. शेजाऱ्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यांचं चित्रण आधी, कारण ते काही काळाने आपोआप पुसलं जातं. आम्ही घरोघरी जाऊन विचारलं. दोघांनी लगेच दिलं, एकाने डिटेक्टिव्हला थेट पाठवलं. मग दुखापतीचे फोटो, रोजचे, कारण सूज आणि काळंनिळं तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त दिसतं. आणि त्या वेळच्या अंगावरच्या वस्तू, न धुता. आईने शर्ट भिजत घातला होता, पण टोपी तशीच राहिली होती. डिटेक्टिव्ह बाईंनी हातमोजे घालून ती उचलली. काठाला मातीची रेघ होती आणि आतल्या बाजूला बाबांच्या खोबरेल तेलाचा पिवळसर डाग. खाकी कागदी पिशवीत घालून, लाल अक्षरांची चिकटपट्टी लावून, त्यावर तारीख आणि सही केली. प्लॅस्टिकच्या पिशवीत असं काही ठेवू नका, दमटपणाने पुरावा खराब होतो, असं त्यांनी सांगितलं.

कॅमेऱ्यात गाडीचा अर्धा नंबर दिसला आणि २१ जूनला त्याला अटक झाली. वय चोवीस. आम्ही सुटकेचा श्वास टाकतोय तोवर कळलं की न्यायाधीशांनी त्याला अटींवर सोडलं आहे. २०१७ पासून न्यू जर्सीत रोख जामीन जवळपास राहिलेला नाही. एक तर खटला होईपर्यंत आत ठेवतात, नाही तर अटी घालून सोडतात. त्याने आमच्या जवळपास फिरकायचं नाही ही त्यातली एक अट. त्या आठवड्यात घराचे पडदे कोणी उघडत नव्हतं. प्रॉसिक्यूटरच्या ऑफिसात पीडितांना मदत करणारा विभाग असतो, तिथल्या बाईंनी व्हाइन नावाच्या सेवेत आमचं नाव घातलं. आरोपी कोठडीत आहे की सुटला आहे हे त्यावर फोनने किंवा मेसेजने कळतं. या बाई पुढे सव्वा वर्ष आमचा आधार होत्या. असा विभाग प्रत्येक काउंटीत आहे. कोणी आपण होऊन फोन केला नाही तर आपण करायचा.

एफबीआयचे दोन अधिकारी २७ जूनला घरी आले. आईने चहा केला, तो त्यांनी घेतला. माझ्या मनात अशी समजूत होती की एफबीआय आली म्हणजे केस आता त्यांची झाली. त्यांनी शांतपणे सांगितलं की तसं नसतं. केंद्राचा जो मुख्य कायदा आहे तो २८ ऑक्टोबर २००९ रोजी ओबामांच्या सहीने आला. मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड ज्युनियर यांची नावं त्याला दिलेली आहेत. १९९८ मध्ये टेक्ससच्या जॅस्पर गावात बर्ड यांना ते कृष्णवर्णीय म्हणून ट्रकला बांधून फरफटत नेऊन मारलं गेलं, आणि त्याच वर्षी वायोमिंगच्या लॅरमीत शेपर्ड या विद्यार्थ्याला तो समलिंगी म्हणून.

हा इतिहास मी नंतर वाचून काढला, आणि त्यातली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. शेपर्डच्या खुनाच्या तपासाचा खर्च त्या लहानशा काउंटीला इतका झाला की शेरिफच्या ऑफिसला आपल्या पाच जणांना बिनपगारी रजेवर पाठवावं लागलं. जॅस्परला केंद्राकडून पैसे मिळाले होते, कारण वंशावरून झालेला गुन्हा जुन्या कायद्यात बसत होता. लॅरमीला ती मदत मिळाली नाही. १९६८च्या त्या जुन्या कायद्यात आणखी एक अडचण होती. मार खाणारा माणूस त्या वेळी मतदान, शाळा, नोकरी अशा ठरावीक हक्कांपैकी एखादा बजावत होता, हेही सिद्ध करावं लागायचं. २००९च्या कायद्याने ती अट काढली, समलैंगिकता, लिंग, लिंगओळख आणि अपंगत्व यांवरून होणारे हल्ले त्यात घेतले, आणि गावच्या पोलिसांना तांत्रिक मदत, प्रयोगशाळा, सरकारी वकिलांची मदत आणि अशा केसच्या जादा खर्चासाठी एका ठिकाणाला वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत अनुदान देता येईल अशी सोय केली.

म्हणजे केंद्र मागे उभं राहतं, खटला शक्यतो गाव-काउंटीच चालवते. केंद्राला स्वतः आरोप ठेवायचा असेल तर अ‍ॅटर्नी जनरलचं लेखी प्रमाणपत्र लागतं. राज्याला अधिकार नाही, राज्यानेच विनंती केली, राज्याच्या निकालाने न्याय झाला नाही, किंवा केंद्राने पुढे होणं जनहिताचं आहे, यांपैकी एक कारण त्यात असावं लागतं. मृत्यू झाला नसेल तर त्यांच्याकडे सात वर्षांची मुदत असते, आणि मृत्यू झाला असेल तर मुदतच नाही. राज्य आणि केंद्र दोघांनी मिळून काम केल्याचं उदाहरण आपल्या सगळ्यांना माहीत आहे. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्ससच्या ओलेथमध्ये श्रीनिवास कुचिभोटला या भारतीय इंजिनियरला बारमध्ये गोळ्या घातल्या गेल्या. खुनाची शिक्षा राज्याच्या कोर्टाने दिली, आणि द्वेषातून केलेल्या गुन्ह्याची जन्मठेप २०१८ मध्ये केंद्राच्या कोर्टाने.

आमच्या केसमध्ये केंद्राची मदत नेमकी कुठे झाली? आरोपीच्या फोनमध्ये. वॉरंट काढून तो जप्त झाला होता, पण आतली पुसलेली माहिती बाहेर काढायला केंद्राच्या प्रयोगशाळेचा उपयोग झाला. सप्टेंबरात डिटेक्टिव्ह बाईंनी सांगितलं की घटनेच्या आधीच्या आठवड्यात त्याने मित्रांना पाठवलेले मेसेज सापडले आहेत. आमच्या भागात राहायला आलेल्या भारतीयांबद्दल होते. मजकूर त्यांनी वाचून दाखवला नाही, आम्हीही आग्रह धरला नाही. त्या मेसेजमुळे शेजारीणबाईंनी ऐकलेल्या शब्दांना बळकटी आली, आणि "रागाच्या भरात काहीतरी बोललो" हा बचाव मागे पडला.

मधल्या काळात व्हिसाची मुदत जवळ आली होती. बाबांचा मुक्काम १९ ऑक्टोबरपर्यंतच मंजूर होता. प्रॉसिक्यूटरच्या ऑफिसकडून केस चालू असल्याचं पत्र घेतलं आणि सप्टेंबरमध्ये मुदतवाढीचा आय-५३९ अर्ज ऑनलाइन भरला. फी तेव्हा ४२० डॉलर होती, कागदावर ४७०. आईचं नाव त्याच अर्जात घालता आलं, वेगळी फी नाही. अर्ज मुदत संपायच्या आत पोचायला हवा, आणि पावती कायम जपून ठेवायची, पुढच्या व्हिसाच्या वेळी दाखवावी लागते. पीडितांसाठी यू व्हिसा असतो हेही मदत विभागातल्या बाईंनी सांगितलं. वर्षाला दहा हजारच मिळतात, रांग अनेक वर्षांची. बाबा म्हणाले, "मला इथे राहायचं नाही गं, मला नीट घरी जायचं आहे." विषय तिथेच संपला.

पैशाचं सांगते. अ‍ॅम्ब्युलन्स, इमर्जन्सी आणि हाडांचे डॉक्टर मिळून बिल बारा हजार डॉलरच्या वर गेलं. आई-बाबांचा प्रवासी विमा होता, त्याने बराच भाग दिला, पण फिजिओथेरपी नाकारली. उरलेल्या रकमेसाठी राज्याच्या पीडित भरपाई कार्यालयात अर्ज केला. तिथे साधारण पंचवीस हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळू शकते आणि नागरिकत्वाची अट नाही. मात्र ते शेवटचे देणारे. आधी विमा कंपनीने काय दिलं, काय नाकारलं याची पत्रं लागतात. म्हणून नकाराचं पत्रही फाइलला लावा. फौजदारी खटल्यासाठी आपल्याला स्वतःचा वकील लावावा लागत नाही, सरकारी वकील खटला चालवतात.

ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, नोव्हेंबरमध्ये आरोप मंजूर केले. गंभीर मारहाण, शस्त्र बाळगणं आणि 'बायस इंटिमिडेशन', म्हणजे द्वेषातून धमकावण्याचा गुन्हा. न्यू जर्सीच्या कायद्यात हा तिसरा आरोप मूळ गुन्ह्यापेक्षा एक पायरी वरचा धरतात, त्यामुळे तीन ते पाच वर्षांचा गुन्हा पाच ते दहा वर्षांचा होतो. या राज्याला हे भान भारतीयांच्या रक्तातून आलेलं आहे. १९८७ मध्ये जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' नावाने टोळक्यांनी भारतीयांना हुसकावून लावायच्या धमक्या दिल्या होत्या. त्याच सप्टेंबरात होबोकेनमध्ये नवरोज मोदी या तरुण पारशी गृहस्थाला जमावाने मारलं आणि काही दिवसांत त्याचा मृत्यू झाला. आज आपण जर्सी सिटीत निवांत भाजी घेतो. आधीच्या लोकांनी काय सोसलं हे मला या केसपर्यंत ठाऊक नव्हतं.

आई-बाबा जानेवारीत परत गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये फोन आला की आरोपीचा वकील तडजोडीला तयार आहे, मारहाण कबूल करेल, पण बायसचा आरोप मागे घ्यावा. शेवटचा निर्णय सरकारी वकिलांचा, पण त्यांनी आमचं मत विचारलं. आई म्हणाली, मिटवा एकदाचं. मीही थकले होते. रात्री सांगलीला फोन लावला तेव्हा बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "शिक्षा कमी झाली तरी चालेल, त्याला काय ते तुम्ही बघा. पण का मारलं ते कागदावर राहू दे." मी ते तसंच इंग्रजीत लिहून पाठवलं. वाट पाहण्याचा सगळ्यात वाईट काळ तो होता. खटला उभा राहिला तर बाबांना परत यावं लागणार, उलटतपासणीला तोंड द्यावं लागणार, हे दिसत होतं.

जूनमध्ये त्याने बायसच्या आरोपासकट गुन्हा कबूल केला. न्यू जर्सीत नुसतं "कबूल आहे" म्हणून भागत नाही, काय केलं आणि का केलं हे आरोपीला कोर्टात स्वतः सांगावं लागतं. तो माणूस मला भारतीय आणि मुसलमान वाटला म्हणून मी थांबलो आणि त्याला मारलं, असं तो बोलला. मी कोर्टात बसले होते. ऐकताना पोटात कालवाकालव झाली, आणि बरंही वाटलं.

शिक्षेच्या सुनावणीला बाबांनी व्हिडिओवरून निवेदन दिलं. इथे सकाळचे साडेनऊ, सांगलीत संध्याकाळचे सात. कोर्टाने मराठी दुभाषा दिला होता, त्यासाठी महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं. निवेदन लेखी तयार ठेवा, पानभराचं पुरे, आणि एकदा मोठ्याने वाचून बघा. बाबांनी मनगट पूर्ण वळत नाही, तांब्या उचलताना दुखतं, हे सांगितलं. मग म्हणाले की मुलीच्या दारासमोरच्या रस्त्यावर फिरायला आता तिचीच परवानगी घ्यावी लागते, याचं मला जास्त दुःख आहे. पाच वर्षांची कैद झाली, शिवाय विम्याबाहेरचा खर्च भरून देण्याचा हुकूम.

त्या हुकमाचे पैसे एकदम मिळत नाहीत. आरोपीकडून जसे वसूल होतात तसे थोडे थोडे चेकने येतात. राज्याने आधी भरपाई दिली असेल तर तेवढी रक्कम वळती होते. पत्ता किंवा बँक बदलली तर मदत विभागाला लगेच कळवा, नाही तर चेक परत जातात. व्हाइनवरचं नाव शिक्षेनंतर पुन्हा तपासून घ्या. काउंटीच्या तुरुंगातून राज्याच्या तुरुंगात बदली झाली की नोंदणी नव्याने करावी लागू शकते, आमची आम्ही ऑक्टोबरात केली. आणि पुरावा म्हणून ठेवलेल्या वस्तू परत हव्या असतील तर तसा लेखी अर्ज द्यावा लागतो. आमचा दिला आहे, अपिलाची मुदत संपली की मिळेल असं सांगितलं आहे.